पोटाला थंडावा देणारं इराणी सरबत सेकंजबीन घरी कसं करावं?

आपण ‘मिजास’ म्हणतो, तो शब्द मूळचा ‘मिजाज’, म्हणजे प्रकृती. इराणच्या पारंपरिक वैद्यकाचा पायाच हा. गरम-थंड, ओलं-कोरडं या गुणांवरून माणसाचा आणि अन्नाचाही मिजाज ठरतो. दही, मासे थंड. खजूर, अक्रोड गरम. थंड खाऊन पोट जड झालं की इराणी घरात गरम चहात नबात, म्हणजे खडीसाखर, ढवळून देतात. ‘सफरा’ म्हणजे पित्त वाढलं, की सेकंजबीन. सेर्के म्हणजे शिरका (व्हिनेगर), अंगबीन म्हणजे मध, या दोन शब्दांतून हे नाव आलं. अकराव्या शतकातल्या वैद्य इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातही सेकंजबीन आहे. आज बहुतेक घरांत मधाऐवजी साखर घालतात.

साहित्य: साखर २ वाट्या, पाणी १ वाटी, द्राक्षांचा किंवा सफरचंदाचा शिरका अर्धी वाटी, ताज्या पुदिन्याच्या ७-८ काड्या.

स्टीलच्या पातेल्यात साखर-पाणी उकळा. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबटाने कळकतं. साखर विरघळल्यावर मंद आचेवर १० मिनिटं ठेवा.

मग शिरका घाला. या क्षणी तोंड पातेल्यावर नेऊ नका, वाफ थेट नाकात झोंबते. आणखी १५ मिनिटं मंद उकळा. वास हळूहळू मवाळ होतो, बोटाला पाक चिकट लागतो. तार येईपर्यंत थांबू नका. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, आणि जास्त आटला तर बाटलीतच साखर धरते. माझा पहिला घाणा असाच वाया गेला.

गॅस बंद करून पुदिना बुडवा, झाकण ठेवा. पुदिना उकळला तर काळा पडतो आणि कडसर लागतो, म्हणून ही पायरी शेवटीच. पूर्ण गार झाल्यावर काड्या पिळून काढा, गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

प्यायचं असेल तेव्हा ग्लासभर गार पाण्यात २-३ चमचे घ्या आणि वर काकडी किसून घाला. काकडी वगळू नका, खरी चव तिचीच आहे. नवरोझच्या तेराव्या दिवशी, सिजदह बेदरला, इराणी कुटुंबं मोकळ्या रानात बसून लेट्यूसची पानं पाणी न घातलेल्या या पाकात बुडवून खातात. तेही करून पाहा.

मधुमेह असेल, अल्सर असेल किंवा आंबटाने छातीत जळजळत असेल, तर हे टाळा. पोटदुखी दोन-चार दिवस राहिली, तर सेकंजबीन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.