फ्रीडायव्हिंगच्या स्पर्धेला जाण्यापूर्वी: विमा आणि प्रवासाची पूर्वतयारी

फ्रीडायव्हिंग म्हणजे टाकी न लावता, एका श्वासावर मारलेली खोल बुडी. त्यातील खोलीच्या स्पर्धेला जायचे ठरले की खेळाडूच्या मनात सर्वांत आधी मीटर येतात. किती मीटर जाहीर करायचे, कान किती खोलीपर्यंत साथ देतील, मोनोफिन (दोन्ही पाय एकत्र बसवायचे एकच रुंद फिन) वापरायचे की साधे फिन, याच विचारात महिने जातात. तिकिटाचा विचार त्यानंतर होतो आणि विम्याचा विचार बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यात होतो. हा क्रम मुळातच बदलला पाहिजे. विमा कंपनीचे लेखी उत्तर आधी मिळवावे, मग प्रवेश फी भरावी आणि तिकीट सर्वांत शेवटी काढावे. भरलेली फी आणि काढलेले तिकीट हातात असले की माणूस नको त्या पॉलिसीवरही समाधान मानतो. अंदमानात किंवा अन्यत्र हा खेळ शिकून आता पहिल्या परदेशी स्पर्धेची तयारी करणाऱ्या मराठी खेळाडूंसाठी हे लिहीत आहे. उदाहरणादाखल फिलिपिन्समधील बोहोल बेटाला जोडलेले पांगलाओ हे ठिकाण घेतले आहे, कारण आशियातील खोलीच्या खेळाडूंचे ते एक मोठे केंद्र आहे.

विमा नेमका कशासाठी घ्यायचा, हे कळण्यासाठी या खेळात काय बिघडू शकते ते स्वच्छ डोळ्यांनी पाहावे लागते. पाण्यात ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि फुप्फुसांतील हवा एक चतुर्थांश जागेत मावते. त्यामुळे कानाच्या पडद्याला किंवा फुप्फुसांच्या नाजूक ऊतींना इजा होऊ शकते. वर येताना प्राणवायू कमी पडून शुद्ध हरपू शकते. शुद्ध हरपल्यावर सुरक्षा-डायव्हर वेळेवर पोहोचले, तर खेळाडू बहुतेक वेळा काही क्षणांत सावरतो. फुप्फुसाची इजा मात्र फसवी असते. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी बहामातील लाँग आयलंडवर, डीन्स ब्लू होल येथील स्पर्धेत अमेरिकन खेळाडू निकोलस मेव्होली ७२ मीटरच्या प्रयत्नानंतर स्वतःच्या बळावर पृष्ठभागावर आला, पण नंतर बेशुद्ध झाला आणि उपचार चालू असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर फुप्फुसाच्या इजेकडे पाहण्याची साऱ्या खेळाची दृष्टी बदलली. तिसरा धोका विमा कंपन्यांना समजावून सांगावा लागतो. रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार फक्त टाकी लावून जाणाऱ्यांनाच होतो, असा समज सर्वत्र आहे. परंतु दक्षिण पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांवरील मोती काढणाऱ्यांना, दिवसभर श्वास रोखून बुड्या मारल्यावर, असाच त्रास होत असे आणि त्यांच्या भाषेत त्याला ‘तारावाना’ हे नावही होते. म्हणून दाबकक्षातील (वाढवलेल्या दाबाच्या बंद कक्षात रुग्णाला ठेवून केलेल्या) उपचारांचा खर्च पॉलिसीत असलाच पाहिजे, असा आग्रह मी धरतो.

आता आपल्याकडच्या पॉलिसींबद्दल. घरची आरोग्यविमा पॉलिसी परदेशात सहसा चालत नाही, आणि भारतात सराव करतानाही तिच्यातील एक कलम वाचून ठेवणे आवश्यक आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा एकसारखी केली. त्यातील नवव्या क्रमांकाचा अपवाद धोकादायक व साहसी खेळांचा असून, अशा खेळांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यामुळे कराव्या लागलेल्या उपचारांचा खर्च त्याने वगळला आहे. उदाहरणांच्या यादीत गिर्यारोहण, राफ्टिंग यांच्याबरोबर स्कूबा आणि खोल समुद्रातील डायव्हिंगही आहे. सगळा भार ‘व्यावसायिक’ या एका शब्दावर आहे. हौशी खेळाडूला त्यातून वाट असते, पण तुम्ही बक्षिसाची रक्कम घेत असाल, प्रायोजक असेल किंवा इतरांना शिकवून मानधन घेत असाल, तर तुम्हाला हौशी मानले जाईल का, हे कंपनीला आधीच विचारले पाहिजे.

प्रवासविम्याचे स्वरूप याहून वेगळे असते. सामान हरवणे, विमान चुकणे, ताप किंवा अपघातामुळे रुग्णालयात जाणे यांसाठी तो उपयोगी आहे आणि घ्यावाच. पण साहसी खेळांचे वाढीव संरक्षण विकत घेतले तरी बहुतेकदा ते पर्यटकाच्या हौशीपुरते असते; त्यात खोलीची मर्यादा असते, प्रशिक्षकाच्या देखरेखीची अट असते आणि स्पर्धा वेगळ्या वाक्यात वगळलेली असते. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या वेळी एका कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर निःशंकपणे सांगितले होते की ‘डायव्हिंग कव्हर आहे’. मी तेच ईमेलने विचारल्यावर चार दिवसांनी उत्तर आले की स्पर्धा आणि तिचा सराव, दोन्ही त्या पॉलिसीत बसत नाहीत. तेव्हापासून फोनवरच्या आश्वासनाला मी माहितीपेक्षा अधिक किंमत देत नाही.

म्हणून कंपनीला जे विचारायचे ते ईमेलने विचारावे आणि प्रत्येक प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा नेमक्या शब्दांतच द्यावे लागेल. श्वसनयंत्राशिवाय केलेले डायव्हिंग समाविष्ट आहे का? त्याला किती मीटरची मर्यादा आहे? स्पर्धा आणि तिच्या आधीचा सराव, दोन्ही समाविष्ट आहेत का? पाण्यात शुद्ध हरपणे, कानाची व फुप्फुसाची दाबामुळे झालेली इजा आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आजार, हे सर्व अपघात मानले जातात की आजार? (हा प्रश्न किचकट वाटला तरी सोडू नये, कारण निव्वळ अपघातविम्यात ‘बाह्य कारणाने झालेली इजा’ ही अट असते आणि दाव्याचा निकाल त्याच शब्दांवर लागतो.) दाबकक्षाचा खर्च, एका बेटावरून दुसरीकडे हलवण्याचा खर्च आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर पार्थिव भारतात आणण्याचा खर्च मिळेल का? रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी कोणाची परवानगी लागेल आणि ती मध्यरात्री कोणत्या क्रमांकावर मिळेल? आलेले उत्तर पॉलिसीबरोबर छापून ठेवावे.

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे बहुतेकदा डायव्हरांसाठीच्या खास विम्यातच मिळतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’, ही संस्था अमेरिकेत १९८० मध्ये आणि तिची युरोपीय शाखा १९८३ मध्ये सुरू झाली. तिच्या सदस्यांना डायव्हिंग अपघाताचा विमा घेता येतो आणि अशा आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्लाही मिळतो. तरीही तुम्ही राहता त्या देशातून कोणती योजना घेता येते, त्या योजनेत फ्रीडायव्हिंग आहे का आणि स्पर्धा आहे का, हे त्याच पद्धतीने लेखी विचारावे. माझे मत असे आहे की एकच पॉलिसी सर्व भार उचलेल ही अपेक्षा न ठेवता डायव्हिंगचा विमा आणि साधा प्रवासविमा असे दोन्ही घ्यावेत.

विम्याचा प्रस्तावअर्ज भरताना एक काळजी सर्वांहून महत्त्वाची आहे. फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आयडाच्या स्पर्धांसाठी वर्षभराच्या आत डॉक्टरांनी सही केलेले आरोग्यपत्रक द्यावे लागते. दमा, फिट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया याविषयी त्यात जे लिहाल तेच विम्याच्या अर्जातही लिहिले पाहिजे. एका कागदावर ‘लहानपणी दमा होता’ आणि दुसऱ्यावर ‘काही नाही’ असे असेल, तर दावा नाकारण्यासाठी कंपनीला याहून सोपे कारण सापडणार नाही. तपासणी निघण्याच्या दोन महिने आधी करावी आणि फिजिशियनबरोबर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवावे, म्हणजे काही आढळल्यास उपचाराला अवधी मिळतो. नेहमीची औषधेही त्याच वेळी लिहून घ्यावीत. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन एका मर्यादेपलीकडे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, आणि कान मोकळे व्हावेत म्हणून खेळाडू नेमक्या अशाच गोळ्यांकडे वळतात.

आयोजकांनी विमा काढलेला असतो, एवढ्यावर थांबू नये. तो बहुधा आयोजकांच्या स्वतःच्या कायदेशीर जबाबदारीपुरता असतो, तुमच्या रुग्णालयाच्या बिलासाठी नसतो, आणि त्याचा कालावधी स्पर्धेच्या अधिकृत दिवसांपुरताच असू शकतो. स्पर्धेआधीचे दहा-बारा दिवस तुम्ही एखाद्या स्थानिक फ्रीडायव्हिंग शाळेने पाण्यात सोडलेल्या दोरीवर सराव करत असता. तेव्हा तिथे स्पर्धेचे डॉक्टर नसतात, स्पर्धेतील सुरक्षा-डायव्हरांची फळी नसते आणि खोल बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला वर खेचणारी प्रतिवजनाची यंत्रणा असेलच असेही नाही. तुमच्या पॉलिसीची तारीख म्हणून पहिल्या सरावापासून सुरू झाली पाहिजे. सरावाची शाळा निवडतानाही दराआधी प्राणवायूच्या सिलिंडरची आणि होडीची चौकशी करावी.

प्रवासाच्या आखणीत पहिला हिशेब व्हिसाचा आहे. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टधारकांना फिलिपिन्समध्ये पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. सरावाचे दहा-बारा दिवस, स्पर्धेचे पाच-सहा दिवस आणि शेवटची विश्रांती मिळून बेरीज १४ च्या पुढे जाते. त्यामुळे खोलीच्या स्पर्धेसाठी जाणाऱ्याने भारतातूनच अधिक मुदतीचा व्हिसा काढावा आणि अर्ज करण्यापूर्वी दूतावासाची ताजी सूचना वाचावी. परतीचे तिकीट व राहण्याचे आरक्षण छापून जवळ ठेवावे. देशात उतरण्यापूर्वीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ नोंदणीही करावी लागते.

तिथे पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. मनिलाहून विमानाने थेट पांगलाओच्या विमानतळावर उतरता येते, किंवा सेबूला उतरून सुमारे दोन तासांच्या बोटीने बोहोलमधील टाग्बिलारान गाठता येते. जाताना कोणताही मार्ग घ्यावा, पण दाबकक्षाची सोय सेबूला आहे, म्हणजे बोहोलहून समुद्रापलीकडे, हे लक्षात ठेवून आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: तो कक्ष सध्या चालू आहे का, रात्री रुग्णाला तिकडे कसे नेतात, आणि वादळाचा इशारा असताना काय करतात. वादळाच्या इशाऱ्यात तटरक्षक दल बोटी बंद ठेवते. १६ डिसेंबर २०२१ रोजी राय नावाच्या चक्रीवादळाने (तिथे त्याला ओडेट म्हणतात) बोहोलची जी हानी केली, तिच्यानंतर बेटावर वीज, पाणी आणि संपर्क यांचे फार हाल झाले. आपल्या कोकणपट्टीला निसर्ग वादळ आठवत असेल, तर हे अधिक सांगायला नको. वादळाचे नाव जाहीर झाल्यानंतर काढलेल्या प्रवासविम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही, म्हणून प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढावा.

परतीचे विमान शेवटच्या बुडीच्या दिवशी कधीही ठेवू नये. खोल बुड्यांनंतर किमान २४ तास विमानात बसू नये, हा माझा नियम आहे. मी त्यात आणखी एक दिवस मिळवतो, कारण वाऱ्यामुळे स्पर्धेचा दिवस पुढे ढकलला गेला तर तोच दिवस कामी येतो. मुंबईहून निघतानाही शक्यतो सर्व टप्पे एकाच आरक्षणात असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली की देशांतर्गत टप्प्यावर १५ किलोची मर्यादा आडवी येते आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

सामानात सर्वांत अवघड वस्तू म्हणजे मोनोफिन. बहुतेक कंपन्या चेक-इन सामानाच्या लांबी, रुंदी व उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत मान्य करतात, आणि मोनोफिनची पिशवी ही मर्यादा सहज ओलांडते. मापे व वजन कळवून क्रीडासाहित्य म्हणून आधीच नोंद करावी आणि मिळालेली मंजुरी काउंटरवर दाखवण्यासाठी छापून न्यावी. पाते दोन्ही बाजूंनी प्लायवूड किंवा जाड पुठ्ठ्यात बांधावे. नेण्याआधी त्याचा फोटो आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे, कारण प्रवासविम्यातील सामानाच्या संरक्षणात एका वस्तूसाठीची कमाल रक्कम अनेकदा मोनोफिनच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते. गळ्यातले शिसे (खाली जायला मदत करणारे वजन) चेक-इन सामानात जाऊ द्यावे. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानातच हव्यात. मी हातातल्या पिशवीत मास्क, नोजक्लिप, सूट, लॅनयार्ड (खेळाडूला दोरीशी जोडणारा सुरक्षापट्टा) आणि बुडीची नोंद ठेवणारे घड्याळ ठेवतो. फिन वाटेत हरवले तरी दोरीला धरून हातांनी खाली-वर जाण्याच्या ‘फ्री इमर्शन’ प्रकारात फिन लागत नाहीत, म्हणजे निदान एका प्रकारात उतरता येते.

राहण्याची जागा स्वयंपाकघर असलेली घ्यावी. तिथल्या रोजच्या जेवणात मांस-मासळी भरपूर असते आणि शाकाहारी माणसाची अडचण होते. बुडीच्या आदल्या संध्याकाळी पोटाला हलके पडेल असा मऊ भात आणि बरोबर नेलेले मेतकूट यांनी मला प्रत्येक वेळी साथ दिली आहे. खोलीतील एसी रात्री फार थंड ठेवू नये, कारण नाक चोंदले तर कान मोकळे होत नाहीत आणि महिन्यांची तयारी दहा मीटरवर थांबते.

निघण्यापूर्वी घरी एक लिफाफा ठेवावा. त्यात पॉलिसीची प्रत, कंपनीचे लेखी उत्तर, २४ तास चालणारा मदत क्रमांक, आयोजकांचा व भारतीय दूतावासाचा क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि नामनिर्देशनाची नोंद असावी. हा लिफाफा आई-वडिलांसमोर उघडून एकेक कागद समजावून सांगावा. लपवल्याने त्यांची काळजी कमी होत नाही, आणि प्रसंग आला तर पहिला फोन त्यांनाच करावा लागणार आहे. तिकडे पिशवीत इंग्रजीतील एक चिठ्ठी असावी, तिच्यावर नाव, रक्तगट, ॲलर्जी आणि पॉलिसी क्रमांक लिहावा.

इजा झालीच, अगदी थुंकीत किंचित रक्त दिसले तरी, ते स्पर्धेच्या डॉक्टरांपासून लपवू नये आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. घड्याळातील त्या बुडीची नोंद पुसली जाण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्यावी. आयोजकांकडून सही-शिक्क्याचा घटनेचा अहवाल, डॉक्टरांचे निदान, मूळ बिले, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांच्या प्रती बेट सोडण्यापूर्वी गोळा कराव्यात, कारण मुंबईत परतल्यावर तिथल्या रुग्णालयाकडून एक कागद मागवायलाही आठवडे लागतात. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागावी; तिथे समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते, आणि त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत. तिथे अर्ज करताना सर्वांत वर तेच ईमेल जोडावे, ज्यात तुम्ही विचारले होते आणि कंपनीने ‘होय’ लिहिले होते.