पोरांना घेऊन नदीकाठी, पाणथळ जागी नाहीतर समुद्रकाठच्या वाटांवर चालायला निघताय? आधी एवढी तयारी करा

डोंगर चढायचा म्हटलं की आपण दहा वेळा विचार करतो, पण नदीचं खोरं, दलदल, समुद्रकाठची शेतं असं काही असलं की "सपाटच तर आहे" म्हणत निम्मी तयारी करून निघतो. सपाट वाट म्हणजे सोपी वाट असं अजिबात नाही. चढ नसतो हे खरं, पण तिथे पाणी असतं, आणि सकाळी ते जिथे होतं तिथेच दुपारी असेल याची काही खात्री नसते. त्यामुळे सगळी तयारी दोनच गोष्टींवर बेतायची, पाणी आज काय करणार आहे आणि आपल्यातलं सगळ्यात लहान माणूस किती चालणार आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचा गुडघाही यात धरायचा.

आधी अंतर ठरवा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून वापरतात, सपाटीवर ताशी साधारण ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला वरून एक तास, पण तो धडधाकट मोठ्या माणसांचा आणि न थांबता चालण्याचा हिशोब आहे. चार-पाच वर्षांचं पोर सोबत असेल तर मी सरळ ताशी २ किमी धरते, आणि चिखल किंवा मऊ वाळू असेल तर त्याहून कमी, कारण दर दोन मिनिटांनी एक शिंपला, एक खेकडा, एक काठी उचलायची असते आणि खरं तर त्यासाठीच तर आपण आलेलो असतो ना. लहान मुलांसोबत गोल फेरीच्या वाटेपेक्षा गेल्या वाटेने परत यायचा प्लॅन बरा, कारण कुठूनही मागे वळता येतं. गोल फेरीत निम्म्याच्या पुढे गेलात की पुढचंच अंतर कमी, आणि तिथेच नेमकं कोणीतरी रडायला लागतं. परतायची वेळही घरातूनच ठरवून निघा आणि ती वेळ झाली की कितीही मजा येत असली तरी वळा.

आता भरती-ओहोटी. किनारा किंवा खाडीकाठ असेल तर ही यादीतली पहिली गोष्ट, बॅग भरायच्याही आधीची. त्या ठिकाणचं, त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक बघा, शेजारच्या बंदराचं नको आणि मागच्या रविवारचं तर नकोच, कारण बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात म्हणजे रोज भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि आठवड्याभरात सगळं चित्र उलटं होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त लांबही जातं, लांब गेलेलं बघून माणसं खूप आत चालत जातात आणि तिथेच घोळ होतो. चालायला ओहोटी सुरू झाल्यावर निघावं आणि पाणी परत फिरायच्या आत मोकळ्या वाळूवरून बाहेर यावं.

एक हिशोब पाठ करून ठेवा, खूप कामाचा आहे. भरती चढायला साधारण सहा तास लागतात पण ती सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिला तास "अजून काहीच आलं नाही" असं वाटत राहतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. फ्रान्सच्या माँ-सँ-मिशेलच्या खाडीत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो आणि कॅनडाच्या फंडी उपसागरात १६ मीटरपर्यंत, तिथे मधल्या तासांत काय होत असेल विचार करा. आणि पाणी नेहमी समोरूनच येतं असंही नाही! पसरट वाळूच्या किनाऱ्यावर आपण उभे असतो तो उंचवटा कोरडा राहतो आणि आपल्या मागे, जमिनीच्या बाजूला असलेली चर आधी भरते. पुढे बघून खेळणाऱ्या पोरांना आणि त्यांचे फोटो काढणाऱ्या आईबापांना हे कळतच नाही. म्हणून वाळूवर आत जाताना ओलांडलेली प्रत्येक चर लक्षात ठेवा आणि अधूनमधून मागे वळून बघा. इंग्लंडच्या मोरकॅम्ब बेमध्ये वाळू ओलांडायला आजही अधिकृत वाटाड्या लागतो, जर्मनी-नेदरलँड्सच्या वाडन समुद्रातही लोक वाटाड्यासोबतच चालतात, ते उगाच नाही. अशा मोकळ्या वाळूत कुटुंबाने एकट्याने जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, काठाकाठाने चालण्यात काही कमी आनंद नाही. किनाऱ्यावर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची एक रेघ पडलेली दिसते ती मागच्या भरतीची हद्द, डबा खायला बसायचं ते त्या रेघेच्या वरच.

नदीच्या खोऱ्यात जायचं तर तुमच्या गावचं हवामान बघून उपयोग नाही, नदी जिथून येते तिकडचं बघा. वर डोंगरात पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं की इथे लख्ख ऊन असताना पाणी वाढतं. आदल्या दिवशी धरणाच्या विसर्गाची काही सूचना आहे का बघायची आणि तिथे पोचल्यावर डोळे-कान उघडे ठेवायचे. पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला झाला, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच उंचावर. जोराने वाहणारं पाणी अवघं १५ सेंमी खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, मग पोराचं काय घेऊन बसलात. म्हणून पूल नसलेली नदी मुलांना घेऊन ओलांडायची नाही, हा नियम मी कुणासाठीच मोडत नाही. अंगावर कुठे खरचटलेलं असेल तर निघायच्या आधीच वॉटरप्रूफ पट्टी लावा, साचलेल्या आणि गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शिरतो.

दलदलीत वाट सोडायची नाही एवढं एकच मुलांना शंभर वेळा सांगा. लाकडी फळ्यांची वाट असेल तर ती ओली असताना भयंकर घसरते, तिथे पळापळी बंद. सिनेमात दाखवतात तसं माणूस चिखलात पूर्ण बुडत नाही बरं का, २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की रुतणारी वाळू माणसाच्या शरीरापेक्षा जवळजवळ दुप्पट घन असते, त्यामुळे माणूस साधारण कमरेपर्यंत जाऊन थांबतो. खरा धोका अडकून पडण्याचा, आणि त्यात भरती आली तर मग विचारूच नका. पोराचा पाय रुतला तर आपण घाबरून दंडाला धरून वर ओढतो, तसं करू नका, चिखल घट्ट पकडतो आणि खांदा दुखावतो. त्याला मागे टेकून बसायला सांगा म्हणजे वजन पसरतं, मग पायाची बोटं आणि टाच हळूहळू पुढेमागे, डावी-उजवीकडे हलवायला सांगा, त्या हालचालीने बाजूने पाणी आत शिरतं आणि चिखल सैल होतो, मग टाच आधी वर येते आणि मागून पाय. बूट आतच राहिला तर राहू दे, आधी पोर बाहेर. दोघेही रुतलात तर झोपून सरपटत मागच्या टणक जमिनीकडे या. हा सगळा प्रकार घरीच एकदा गादीवर खेळ म्हणून करून घ्या, पोरं खूप हसतात आणि लक्षातही राहतं.

म्हणूनच पायात काय घालायचं हा प्रश्न मोठा आहे. उंच गमबूट उथळ पाण्याला आणि गवताला छान, पण खोल चिखलात तेच बूट आधी निघतात आणि आत पाणी गेलं की दगडासारखे जड होतात. मुलांसाठी पट्ट्याने घट्ट बसणारे, बोटं झाकणारे, पाणी निथळून जाणारे सँडल मला जास्त आवडतात, किनाऱ्याच्या खडकांवर कालवं असतात ती ब्लेडसारखी कापतात त्यामुळे अनवाणी नको. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. जाड सुती पँट ओली झाली की तासन् तास वाळत नाही आणि वाऱ्यात पोर कुडकुडतं, पटकन वाळणारे कपडे घाला आणि वरून वारा अडवणारं एक पातळ जॅकेट. रंग भडक, केशरी, पोपटी, लालभडक काहीही, निळा-राखाडी मात्र नको कारण पाण्याजवळ तो दिसतच नाही. टोपीला हनुवटीखाली बांधायचा पट्टा हवा, नाहीतर टोपी उडते आणि पोर तिच्यामागे पळतं. निघताना सगळ्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा, कोणी हरवलंच तर वर्णन करत बसावं लागत नाही.

सगळ्यांच्या कपड्यांचा एक जादा सेट, मोज्यांचे दोन, सगळं झिपच्या पिशवीत आणि त्या पिशव्या बॅगेत तळाशी नको तर वरच. अगदी लहान बाळ असेल तर स्ट्रोलर घरी ठेवा, चिखल-वाळूत त्याची चाकं फिरत नाहीत, पाठीवरचं कॅरिअर बरं. पण त्यात बसलेलं बाळ चालत नसतं, आपल्याला घाम येत असताना त्याचे लोंबणारे पाय गार पडलेले असतात, अर्ध्या तासाने हात लावून बघत जा. पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या, खाडीचं-नदीचं पिता येणार नाही. खाऊ लहान लहान पुड्यांत वाटून ठेवा आणि भूक लागायच्या आधी द्या. ओआरएसची दोन पाकिटं, चिमटा, पट्ट्या, अँटिसेप्टिक, घरातली नेहमीची औषधं. डायपर आणि ओले वाइप्स परत आणायला वेगळी पिशवी.

उन्हासाठी एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी परत लावायचं, पाणी आणि वाळूवरून ऊन खालूनही लागतं म्हणून हनुवटीखाली, कानामागेही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावलीच द्या. डासांचं औषध सनस्क्रीननंतर लावायचं, आधी नाही. डीट असलेलं औषध दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावत नाहीत आणि मोठ्या मुलांच्याही तळहातांना लावू नये, हात तोंडात जातात. अंगाला जळू चिकटली तर मीठ-काडी काही करू नका, तोंडाच्या बाजूला नख सरकवून सोडवा. गोचीड मात्र चिमट्याने त्वचेला चिकटून धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. साप चावला तर पाय-हात न हलवता पडून राहायचं आणि लवकरात लवकर हॉस्पिटल, कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीच नाही.

मोकळ्या सपाटीवर विजेचं मला सगळ्यात भय वाटतं कारण तिथे सगळ्यात उंच आपणच असतो. वीज दिसल्यावर सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किमी, तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा गाडीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आभाळाची लक्षणं दिसत असतील तर ट्रिप पुढे ढकला, दलदल कुठे पळून जात नाही.

फोन फुल चार्ज, पॉवर बँक, नकाशा ऑफलाइन डाउनलोड केलेला. ११२ हा इमर्जन्सी नंबर बऱ्याच देशांत चालतो आणि आपलं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्याच्या नेटवर्कवरून लागू शकतो. प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी, पण गळफास बसणार नाही अशा झटकन सुटणाऱ्या नाडीत. वाट चुकलास तर चालायचं नाही, जागेवर उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत, मदतीची खूण म्हणून ही पद्धत बऱ्याच ठिकाणी ओळखतात. मागे राहिलेल्या एखाद्या नातेवाईकाला वाट, गाडी कुठे लावली आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा हे मेसेज करून ठेवा.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या, मोठ्यांना ८ पट चालते, लहान हातांना ६ पटीची हलकी जास्त बरी कारण चित्र हलत नाही. जागा ठरवताना रामसर यादीतली एखादी पाणथळ जागा जवळपास आहे का बघा, २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या कराराखाली जगभर अशा जागा जाहीर केल्यात आणि बऱ्याच ठिकाणी फळ्यांच्या वाटा, पक्षी बघायचे आडोसे असतात. पक्षी खायचं थांबवून माना वर करून आपल्याकडे बघायला लागले की आपण खूप जवळ गेलोय, दोन पावलं मागे. काही पक्षी तर वाळूत नुसत्या खळग्यात अंडी घालतात, ती दगडासारखीच दिसतात, म्हणून विणीच्या दिवसांत वाटेबाहेर पाय नको आणि कुत्रा पट्ट्यात.

परत आल्यावरही थोडं काम असतं. अंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, गुडघ्यामागे, केसांत, कानामागे गोचीड आहे का बघा. बुटांचा चिखल तिथेच झटकून घरी धुवा आणि पूर्ण वाळवा, त्या चिखलातून बिया आणि बारीक जीव दुसऱ्या पाणथळीत जातात आणि तिथलं गवत, मासे यांना त्रास होतो. वापरलेल्या पट्ट्या, ओआरएस जे काही संपलं ते त्याच रात्री परत बॅगेत भरून ठेवा.