इंग्रजी स्पेलिंग घोकून नाही, असं शिकवा

आपल्याकडचे पोट्टे मराठी जसं ऐकतात तसं लिहितात, मग नाइफच्या पुढे के काहून लावायचा हे त्यांना कोणी सांगतच नाही अन् चुकलं की रडकुंडीला येतात. आधी लेकराला हे सांगा की तो के पहिले खरंच बोलत होते, क्नाइफ असा. १४७६ मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंग छापून पक्कं होत गेलं पण बोलणं बदलत राहिलं. म्हणून पाठ करताना मनात लिहिलंय तसंच वाचायचं, क्नाइफ, वेड-नेस-डे.

माझी पुतणी सांजच्याला ओट्यावर खडूनं लिहायची. शब्द पाहायचा, पुसायचा, मनानं लिहायचा, मग पुस्तकाशी जुळवायचा. चुकलेल्या अक्षरालाच गोल करा, अख्खा शब्द दहादा लिहायला लावू नका बाप्पा, त्यानं फक्त हात दुखतो.

शब्द एकटा शिकवू नका. नाइट आला की लाइट, राइट, फाइट सोबतच, चारहीत आय-जी-एच-टी. एच-ओ-पी हॉप, शेवटी ई लावला की होप, किटला ई लावला की काइट. हॅव अन् गिव्हमध्ये हा नियम चालत नाही, ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

कर्जाच्या डेटमधला बी तर इंग्रजीत कधी बोललाच नाही, लॅटिनसारखं दिसावं म्हणून विद्वानांनी नंतर घुसवला. अन् कलरमध्ये यू नसला तर रागावू नका, ती अमेरिकन पद्धत आहे, पेपरात मात्र पुस्तकातलंच लिहायला सांगा.