मेदपेशी आणि आरएनए-बांधणी प्रथिनं: या चुका टाळा

आरएनएला चिकटून त्याच्या कामावर ताबा ठेवणारी प्रथिनं मेदपेशी घडवण्यात काय करतात, यावरचा एखादा प्रकल्प माझ्याकडे जळगावात तपासायला आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, पहिल्या आठवड्याची वही मागते. पेशी कधी लावल्या, डिश कधी भरली, औषध कोणत्या दिवशी घातलं? निम्म्या चुका तिथंच सापडतात.

सगळ्यात मोठी चूक घाईची. ३टी३-एल१ या उंदराच्या पेशींनी डिश पूर्ण भरली पाहिजे, त्यानंतरही त्यांना दोन दिवस तसंच राहू द्यायचं असतं. मगच आयबीएमएक्स, डेक्सामेथासोन आणि इन्सुलिन ही तीन औषधं घालायची. थांबलेल्या पेशी या औषधांनी पुन्हा एक-दोनदा विभागतात आणि मग मेदपेशी होण्याच्या वाटेला लागतात.

एचयूआर या आरएनए-बांधणी प्रथिनावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला आखाजीला माहेरी जायचं होतं. डिश जेमतेम ऐंशी टक्के भरलेली असताना तिनं औषध घातलं, म्हणजे परत येईपर्यंत चरबी तयार. दहा दिवसांनी चरबीला लाल करणारं ऑइल रेड ओ लावलं आणि आनंदानं सांगत आली, "मॅडम, एचयूआर कमी केलं की चरबी भरतच नाही!" मी म्हटलं, "कंट्रोलची डिश आण." एचयूआर कमी न केलेली ती डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिथंही लाल थेंबांचे चार-दोन पुंजकेच. पेशीही बाविसाव्या पॅसेजच्या, म्हणजे बावीस वेळा नव्या डिशमध्ये लावलेल्या, मधे दोनदा काठोकाठ भरू दिलेल्या. अशा पेशी मेद साठवायचं विसरत जातात. तीन महिन्यांचं काम गेलं. ती रडली, मलाही फार वाईट वाटलं. तेव्हापासून कंट्रोलच्या डिशमध्ये बहुतेक पेशी लाल दिसल्याशिवाय मी नॉकडाउनच्या, म्हणजे प्रथिन कमी केलेल्या, डिशकडे बघतच नाही. साठा कमी पॅसेजचाच गोठवून ठेवते. सणवार बघून प्रयोग आखा, पण पेशींचे दोन दिवस कापू नका.

दुसरी चूक मला याहून जास्त खटकते. अख्ख्या पेशीचा अर्क घेऊन प्रथिनाचं प्रमाण दाखवणारा ब्लॉट करायचा, पट्टी सारखीच दिसली की लिहून टाकायचं, "एचयूआरचा संबंध नाही." अरे, रावेरच्या बागांत केळी किती आहेत हे मोजून दिल्लीच्या मंडईत किती पोहोचली ते कसं कळणार? एचयूआर एरवी बहुतेक केंद्रकात असतं. औषध घातल्यावर अर्ध्या तासात त्यातलं काही पेशीद्रवात येतं. एकूण प्रमाण तेच, पण जागा बदलली, आणि काम तर जागेमुळेच होतं. सी/ईबीपी-बीटा या प्रथिनाच्या एमआरएनएला, म्हणजे ते बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएला, एचयूआर चिकटतं. मेदपेशी घडवणाऱ्या साखळीत सी/ईबीपी-बीटा अगदी सुरुवातीचं आहे, त्याच्यामागून पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा येतात. म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे काढा. केंद्रकातलं लॅमिन आणि पेशीद्रवातलं ट्युब्युलिन यांच्या पट्ट्या बघून वेगळेपणाची खात्री करा. आणि पहिल्या दोन तासांचे नमुने घ्याच. चोवीस तासांनी डिश उघडणाऱ्याला हा प्रवास दिसायचाच नाही.

एमआरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरवर ते वाढलेलं दिसलं की "स्थैर्य वाढलं" असं लिहू नका. जास्त बनलं म्हणूनही वाढतं. अ‍ॅक्टिनोमायसिन डी घालून नवं बनणं थांबवा आणि जुनं किती वेळात संपतं ते मोजा.

एमआरएनए बदललं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असंही नाही. आयएमपी२ हे आरएनए-बांधणी प्रथिन, चरबी जाळून उष्णता करणाऱ्या यूसीपी१ या प्रथिनाच्या एमआरएनएला धरून त्याचं भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणं, रोखतं. आयएमपी२ नसलेल्या उंदरांच्या तपकिरी मेदात यूसीपी१ प्रथिन जास्त बनतं आणि हे उंदीर सडपातळ राहतात. नुसतं क्यूपीसीआर करणाऱ्याच्या हातून ही गोष्ट निसटते.

नमुन्यांची तुलना करताना न बदलणारा संदर्भ म्हणून डोळे झाकून अ‍ॅक्टिन वापरू नका. मेदपेशी होताना पेशीचा सांगाडाच बदलतो, त्याबरोबर अ‍ॅक्टिनही.

आरएनएसह प्रथिन ओढून काढताना आयजीजीचं, म्हणजे ते प्रथिन न ओळखणाऱ्या साध्या प्रतिपिंडाचं, कंट्रोल नसेल, तर तो निकाल मी वाचत नाही.

एखाद्या प्रथिनाला "चरबी वाढवणारं" किंवा "कमी करणारं" असं लेबल लावायची घाईही नको. डिशमधल्या पेशींत एचयूआर कमी केल्यावर चरबी भरणं मंदावल्याचं दिसलं होतं, उंदरांच्या मेदऊतीतून ते काढल्यावर मात्र मेद वाढला. पेशीची अवस्था वेगळी, हाताशी असलेली एमआरएनए वेगळी, म्हणून परिणामही वेगळा. त्यामुळे निष्कर्षात मी पेशी कोणती आणि दिवस कितवा हे आधी लिहायला लावते.

आता मेदऊतीतून आरएनए काढणाऱ्यांसाठी. ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावणात ऊती वाटून झाल्यावर क्लोरोफॉर्म घालण्याआधी एकदा सेंट्रिफ्यूज करा. वर चरबीचा थर तरंगतो, तो न हलवता त्याच्या खालचा द्रव घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा बर्फाचा डबा आधी भरा, ऊती नंतर काढा.