'आधी पोटाचं बघू, जातीचं-बायकांचं नंतर' म्हणणाऱ्या उमेदवाराला कसं चेक करायचं (इंदूरवाल्यांसाठी)

2027 ला निगमची (महापालिकेची) निवडणूक ड्यू आहे, म्हणजे राजेंद्रनगर असो की सुदामानगर की मालवा मिलची गल्ली, सगळीकडे हात जोडून मंडळी येणार, रस्ता देऊ, पट्टा देऊ, बहिणींना पैसे देऊ. आणि तुम्ही चुकून जातीचा किंवा बायकांचा विषय काढलात की दहातले आठ जण एकच वाक्य फेकतात, "अरे भिया, पेट भरा हो तो जात कौन पूछता है". हे गाइड त्या एका वाक्यासाठी आहे. वाक्य पूर्ण खोटं नाहीये म्हणूनच ते पकडायला अवघड जातं. माझं मत आधीच सांगून टाकते, पैशाने खूप काही बदलतं, पण पैसा ज्या पाइपातून येतो त्याच पाइपात जात आणि बाई-पुरुष आधीच जाऊन बसलेले असतात, त्यामुळे पाइप उघडून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

वाद काही आपलाच नाहीये. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकेत हिलरी क्लिंटन, मोठ्या बँकांविरुद्ध बोलणाऱ्या बर्नी सँडर्सविरुद्ध पक्षाच्या उमेदवारीसाठी लढत होत्या, तेव्हा नेवाडातल्या सभेत त्यांनी विचारलं की उद्या आपण मोठ्या बँकांचे तुकडे करून त्या छोट्या केल्या तर वंशभेद संपेल का, लिंगभेद संपेल का, आणि लोक ओरडले नो. टाळ्या मिळाल्या पण प्रश्न तसा चलाखीचाच होता, कारण बँकांचे तुकडे केले की वंशभेद संपतो असं सँडर्सनी म्हटलंच नव्हतं. आपल्याकडे पण हे दोन्ही बाजूंनी होतं. एक म्हणतो पैसा दिला की सगळं सुटेल, दुसरा म्हणतो पैशाने सगळं सुटत नाही ना मग पैशाचं बोलूच नका. म्हणून सुरुवातीलाच "सगळं" हा शब्द संभाषणातून काढून टाका. भेदभाव नेमका कशात, मजुरीत, कामाच्या वाटपात, घर भाड्याने मिळण्यात, तिकीट मिळण्यात, की खुर्ची मिळाल्यावर सही कोण करतं यात, हे वेगवेगळं विचारा. एकदा तुकडे केले की अर्ध भांडण तिथेच मिटतं.

फॉर्म वाचा, भाषण नाही

कुठल्याही योजनेचं भाषण सगळ्यांसाठी असतं आणि फॉर्म मात्र काहींसाठी. पात्रतेचा कागद मागा आणि कोण सुटलं ते बघा. आपली लाडली बहना घ्या. जून 2023 पासून महिना 1000 मिळायला लागले, मग 1250 झाले, मग 1500. ह्यात एक गोष्ट खरंच चांगली केलीय, पैसे बाईच्या स्वतःच्या आधार लिंक खात्यात येतात, नवऱ्याबरोबरचं जॉइंट खातं चालत नाही. ज्याने कुणी हे कलम घातलं त्याला घर कसं चालतं ते माहीत होतं. पण त्याच कागदात लग्न झालेली, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशी यादी आहे, म्हणजे ज्या बाईने लग्नच केलं नाही, आईवडलांना सांभाळत पन्नाशी गाठली, ती बहना नाही. गरिबी तीच, खातं तिचंच, पण लग्न नाही तर पैसे नाहीत. इथे आर्थिक न्याय आहे आणि बाईकडे बघायची जुनी नजर पण आहे, एकाच फॉर्मवर, आणि म्हणूनच म्हणते फॉर्म वाचा.

अमेरिकेत हेच मोठ्या लेव्हलवर झालं. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने म्हातारपणाची पेन्शन आणली, 1938 च्या कायद्याने किमान वेतन आणलं, दोन्ही जबरदस्त कायदे, पण दोन्हीतून शेतमजूर आणि घरकाम करणारे बाहेर ठेवले. कायद्यात काळे-गोरे असा शब्द कुठेही नाही. पण तेव्हा दक्षिणेतले काळे लोक मोठ्या संख्येने शेतात आणि काळ्या बायका लोकांच्या घरातच कामाला होत्या, मग फायदा कुणाच्या दारात थांबला ते सांगायला नको. घरकामवाल्या किमान वेतनात आल्या 1974 मध्ये, आणि त्यासाठी धडपडणाऱ्यांमध्ये शर्ली चिझम होत्या, 1968 मध्ये निवडून आलेल्या अमेरिकन काँग्रेसमधल्या पहिल्या काळ्या महिला, ज्यांची आई स्वतः लोकांच्या घरी काम करायची. मधली छत्तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, ज्याच्या लक्षात आलं ते माणूस काँग्रेसच्या आत नव्हतं.

तर उमेदवाराला हे विचारायचं, "तुमच्या योजनेत आमच्याकडे झाडू-पोछा करणारी ताई येते का, भाड्याने राहणारी येते का, एकटी राहणारी येते का". मोघम उत्तर आलं तर समजा त्याने फॉर्म वाचलेला नाही.

खात्याच्या आत काय चालतं ते बघा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपलं इंदूर मिलचं शहर, कुणाचे तरी आजोबा मालवा मिलमध्ये नाहीतर हुकुमचंदमध्ये असतातच. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिच्या साधारण 4,800 कामगारांचे 224 कोटी मार्गी लागले 25 डिसेंबर 2023 ला, तीस वर्षांनी, तोवर कित्येक जण गेलेच होते. म्हणून "पैसा दुय्यम आहे" असं कुणी माझ्यासमोर म्हणू नये, ज्या घरात तो थांबला होता त्या घरात तोच पहिला विषय होता.

पण मिलचीच दुसरी गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांमध्ये दलित कामगार होते, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना घ्यायचे नाहीत. कारण सुताची कांडी बदलली की धोट्यातला (मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यातला) दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. आणि विणकामात पगार जास्त! गिरणी तीच, मालक तोच, संप केला तर पोलीस दोघांना सारखेच मारणार, पण जास्त पगाराचं खातं बंद, आणि ते बंद ठेवण्यात सोबतचे कामगारच पुढे. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला, हे खातं आमच्यासाठी उघडा ही मागणी यादीत घाला म्हणून, आणि युनियनचे पुढारी काही आनंदाने तयार झाले नव्हते. पुढे 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन, एकात दुसरा धरलेला नाही. आपल्या महूचं, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावाचं, नाव घेऊन 14 एप्रिलला हार घालणारे सगळेच हे आठवतील तर बरं.

आता हे आजच्या इंदूरला लावून बघा. 2017 पासून स्वच्छतेत आपण नंबर वन म्हणून मिरवतो, आणि मिरवावंच, काम झालंय. तर प्रश्न असा विचारायचा, सफाईच्या कामात परमनंट किती, विनियमित (परमनंट आणि रोजंदारी यांच्या मधले) किती, मस्टरवर म्हणजे रोजंदारीवर किती. मग पुढचा, दरोगा (सफाईवर देखरेख करणारा) आणि त्याच्या वरच्या पोस्टवर कोण, झाडू आणि गटारीवर कोण. आडनावं विचारायला लाजू नका, फक्त कुणा एकाला उभं करून विचारू नका, आकडे मागा. सगळ्या सफाईवाल्यांचा पगार वाढला आणि तरीही गटारीत उतरणारं आडनाव तेच राहिलं, तर पगारवाढ खरी आहे आणि जात पण जागच्या जागी आहे.

मेम्फिसचं उदाहरण ह्यासाठीच लक्षात ठेवा, सांगायला सोपं आहे आणि लोक ऐकतात. 1 फेब्रुवारी 1968, पावसापासून वाचायला कचरागाडीत मागे बसलेले दोन काळे सफाई कामगार मशीनमध्ये चिरडून मेले. 12 तारखेला सुमारे 1,300 जण संपावर गेले. मागण्या पगाराच्या, सेफ्टीच्या, युनियनला मान्यता द्या ह्या होत्या, आणि गळ्यात पाट्या होत्या "मी माणूस आहे". मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठीच तिथे गेले होते आणि 4 एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली. 16 एप्रिलला तडजोड झाली, पगारवाढ आणि युनियनला मान्यता. आता ही लढाई पैशाची की वंशभेदाची? कुणी वेगळी करून दाखवावी.

"पैसा आला की जात जाते" ह्याची टेस्ट

हे वाक्य आपल्या लोकमान्यनगरातल्या काकांपासून सगळे म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात. भांडू नका, दोन प्रयोग सांगा. भारतात थोरात आणि अटवेल यांनी केलेला, 2007 मध्ये छापून आला, प्रायव्हेट कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणं कमी आलं, मुस्लिम नावाला त्याहून कमी. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोत असंच, 2004 मध्ये छापलं, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 50 टक्के जास्त कॉल. अर्ज सारखा, डिग्री सारखी. म्हणजे पैसा येण्याच्या आधीच्या दारात नाव उभं आहे, मग पैसा आल्यावर जात जाईल हे म्हणायचं कशाच्या जोरावर. आणि पैसा आल्यावरचं बघायचं असेल तर भाड्याने फ्लॅट शोधताना "पूरा नाम बताइए" कितीदा ऐकू येतं ते कुणालाही विचारा, डिपॉझिट खिशात असून.

खुर्चीवर कोण, आणि फोन कोण उचलतं

मध्यप्रदेशात निगमच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. छान. आता तुमच्या वॉर्डात महिला पार्षद (नगरसेविका) असेल तर तिचा नंबर लावून बघा कोण उचलतं. "हां बोलिए, मैं उनके पति" आलं की समजायचं. होर्डिंगवर तिच्यापेक्षा त्याचा फोटो मोठा आहे का बघा, वॉर्डाच्या दौऱ्यात बोलतं कोण ते बघा, एमआयसीत (महापौरांच्या परिषदेत) वित्त आणि जलकार्य कुणाकडे जातं ते बघा. पण इथे एक सांगते, पार्षदपतींवर हसून विषय संपवू नका. जिच्या नावावर घर नाही, निवडणुकीचा खर्च नवऱ्याने किंवा दिराने केला, ती त्यांना बाजूला सारून सही करेल ही अपेक्षा कशी करायची? इथे मात्र पोटाचं-आधी वाले बरोबर असतात, पैसा हातात नसला की खुर्ची नावापुरती.

तरीही खुर्ची वाया जात नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानच्या पंचायतींवर चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांचा 2004 चा अभ्यास आहे, जिथे प्रधानपद बायकांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. बंगालमधल्याच नंतरच्या अभ्यासात दिसलं की गावाने दोन वेळा महिला प्रधान पाहिली की पुढे राखीव नसलेल्या जागांवर पण बायका जास्त उभ्या राहतात आणि निवडून येतात. लोकांची नजर बदलली ती अनुदानाने नाही, समोर बाई कारभार करताना बघून.

आणि उलटा घोटाळा पण टाळा, आपली बाई किंवा आपल्या जातीचा माणूस आहे ना मग बास. ताई, सुमित्रा महाजन, 1989 पासून सलग आठ वेळा इंदूरच्या खासदार, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष, मराठी माणसाला अभिमान वाटतोच, मलाही वाटतो. पण कामवालीच्या पगाराचा हिशोब त्या अभिमानातून निघत नाही, तो वेगळा मागावा लागतो, उमेदवार कुणीही असो.

प्रत्यक्ष विचारायचं कसं

सभेत माइक मागू नका, तिथे टाळ्यांचं उत्तर मिळतं. घरी किंवा सोसायटीत येतात तेव्हा विचारा, दोन-तीन जणींनी मिळून, आणि एक जण फोनवर नोट करेल. प्रश्न हो-नाहीचे ठेवू नका. "तुम्ही जात मानता का" ह्याला आजपर्यंत कुणीही हो म्हटलेलं नाही. त्याऐवजी "मस्टरवाल्यांना परमनंट करायचा ठराव तुम्ही मांडणार का, कितव्या महिन्यात", "वॉर्डाच्या ठेक्यांपैकी बायकांच्या बचत गटांना किती गेले", असं विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळं टाकलंत तर भांडण होणार, तिथे फक्त कागदाचा फोटो टाका, मत टाकू नका.

कागद मिळवायला आरटीआय, म्हणजे माहितीचा अधिकार. निगमच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज, फी 10 रुपये, बीपीएलला माफ, उत्तर 30 दिवसांत यायला हवं. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि "माहिती द्या" असं मागा, "का केलं नाही" असं विचारलं की अर्ज उडवायला सोपं जातं. उदाहरणार्थ, अमुक झोनमध्ये सफाईच्या कामावरचे परमनंट, विनियमित आणि मस्टर कर्मचारी, स्त्री-पुरुष आणि प्रवर्ग वेगवेगळे, पद आणि महिन्याचं मानधन. उत्तर नाही आलं की 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. आणि हे सगळं आचारसंहिता लागायच्या तीन-चार महिने आधी टाका, कारण नंतर अर्धा स्टाफ निवडणूक ड्युटीवर असतो आणि तुमचा कागद निकाल लागेपर्यंत टेबलावर पडून राहतो.