कंपनीतून फोनच येत नाही? सीव्हीतल्या या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत अर्ज करणाऱ्या पोरांचे सीव्ही एकापुढे एक ठेवले तर नाव सोडून सगळं सारखं दिसतं, कारण सगळे झेरॉक्स सेंटरवरच्या एकाच तयार नमुन्यातून निघालेले असतात. ‘नामांकित कंपनीत काम करून तिच्या प्रगतीला हातभार लावणे’ हे उद्दिष्ट प्रत्येकाचं. ते वाक्य आधी खोडा. त्या जागी तुम्हाला काय येतं ते लिहा: ‘आयटीआय टर्नर. सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, ड्रॉइंग वाचन, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजमाप.’ दोन ओळी पुरतात.

अनुभवाच्या रकान्यात तर आपली पोरं स्वतःवर अन्यायच करतात. ‘ऑपरेटर, 1 वर्ष’ एवढंच लिहून मोकळी होतात. मशीन कोणती, पार्ट कोणता, सेटिंग स्वतः करत होता की फक्त लोडिंग-अनलोडिंग, तपासणी कोण करायचं, हे सुपरवायझरला वाचायचं असतं. ठेकेदारामार्फत काम केलं असेल तर दोन्ही नावं लिहा: ठेकेदाराचं आणि ज्या प्लांटमध्ये प्रत्यक्ष काम केलं त्या कंपनीचं. पीएफ तुमच्याच खात्यात, पण बहुतेकदा ठेकेदारामार्फत जमा होतो, म्हणून नोंदीत नाव त्याचं दिसतं. सीव्हीत नुसतं मोठ्या कंपनीचं नाव टाकलं की कागदपत्रांच्या तपासणीत ते जुळत नाही आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. अप्रेंटिसशिपही अप्रेंटिसशिप म्हणूनच लिहा.

मधली वर्षं लपवू नका. एमपीएससी किंवा पोलीस भरतीच्या तयारीत दोन-तीन वर्षं गेलेली मुलं मराठवाड्यात घरोघरी आहेत. ‘2021 ते 2023: स्पर्धा परीक्षेची तयारी’ असं सरळ लिहा. कोरी जागा दिसली की समोरचा शंका घेतो.

शेतीत काम केलं असेल तर तेही लाजून गाळू नका. जालन्याच्या बियाणे कंपनीत अर्ज करताना घरच्या सीड प्लॉटवर परागीकरण केलंय, मजुरांची हजेरी ठेवलीय, फवारणीच्या नोंदी केल्यात, हा अस्सल अनुभव आहे. तो वर घ्या. कॉल सेंटरच्या अर्जात मात्र तो एका ओळीत आटपा.

जात, धर्म, वजन, वडिलांचा व्यवसाय खासगी कंपनीच्या सीव्हीत नको. सरकारी भरतीचा अर्ज वेगळा असतो, तिथे जे विचारतील ते भरा.

पत्त्याचा घोळ आपल्याकडचा खास आहे. 2023 मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, पण जुन्या गुणपत्रिकांवर औरंगाबाद आणि उस्मानाबादच आहे. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, म्हणून ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), महाराष्ट्र’ असं पूर्ण लिहा. शाळा-कॉलेजची नावं प्रमाणपत्रावर आहेत तशीच ठेवा.

जे येत नाही ते लिहू नका. ‘टॅली येतं’ म्हटलं की पहिला प्रश्न जीएसटीच्या बिलाची नोंद कशी करता हाच असतो. फक्त खरेदी-विक्रीच्या नोंदी येत असतील तर तेवढंच लिहा. विषय राहिला असेल तर ‘एक विषय बाकी’ असं लिहा, टक्के अंदाजाने टाकू नका.

एवढं सगळं नीट असूनही फोन येत नसेल तर संपर्काची ओळ तपासा. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर आणि नेटकॅफेवाल्याने उघडून दिलेला, पासवर्ड माहीत नसलेला ई-मेल, या दोन गोष्टींनी कितीतरी मुलाखती हुकतात. मेल स्वतःच्या मोबाइलवर सुरू करा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात, म्हणून युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ काढा. फाइलला ‘न्यू रिझ्युम फायनल’ऐवजी तुमचं नाव आणि पद द्या, आणि ती आधी मित्राच्या मोबाइलवर पाठवून उघडते का ते बघा.