फायबरच्या डब्यावरचे दिवे आणि तारेचे रंग कसे वाचावेत

इंटरनेट बंद पडले की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो स्विचकडे. डबा बंद करून पुन्हा सुरू केला जातो, आणि दोष नेमका कुठे आहे हे ज्या दिव्याने सांगितले असते, तो कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की स्विचला हात लावण्यापूर्वी मिनिटभर डब्यासमोर थांबावे आणि मोबाइलवर दिव्यांचा एक फोटो काढून ठेवावा.

हा डबा, ज्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. त्यावरचे दोन दिवे सर्वांत महत्त्वाचे आहेत. ‘पॉन’ हा दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर आपला डबा कंपनीच्या केंद्रातील यंत्राशी जोडला गेलेला आहे. तो लुकलुकत असेल, तर नोंदणी चालू आहे, आणि पाच-दहा मिनिटे लुकलुकतच राहिला तर ती पूर्ण होत नाही असे समजावे. ‘एलओएस’ हा दिवा एरवी विझलेलाच असावा. तो लाल झाला, याचा अर्थ तारेतून डब्यापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही किंवा फारच क्षीण पोहोचतो, आणि अशा वेळी डबा कितीदा बंद-चालू केला तरी काही उपयोग होत नाही. पॉन स्थिर असून ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद असेल, तर काच शाबूत आहे, अडचण खात्यात, रिचार्जमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधावी. लॅन आणि वायफायचे दिवे फक्त घरातल्या जोडणीबद्दल बोलतात. दिव्यांची नावे आणि रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, परंतु लाल एलओएसचा अर्थ जवळपास सगळीकडे हाच असतो.

नागपुरात हा लाल दिवा दिसण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे खिडकीत कूलर बसवला आणि त्याच संध्याकाळी एलओएस लाल झाला. खिडकीच्या चौकटीतून आत येणारी काळी चपटी तार कूलरच्या पत्र्याखाली दुमडून दबली होती. कूलर चार बोटे सरकवून तार सैल केली, तसा लाल दिवा विझला, पॉन लुकलुकू लागला आणि थोड्याच वेळात स्थिर झाला. काचेचा प्रकाशवाहक गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो. तार फार घट्ट वळली की त्या वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. वळण सरळ केल्यावर तो बहुधा परत येतो, तुटलेली काच मात्र जोडावीच लागते. घरात जास्तीची तार गुंडाळताना वेटोळे निदान तळहाताएवढे ठेवावे. संक्रांतीला खांबावरच्या तारांत अडकलेला मांजा मुले जोराने ओढतात, तेव्हाही असाच ताण बसतो. मुलांना तेवढे समजावून सांगावे.

लाल दिवा दिसताच, तीच सेवा घेणाऱ्या शेजाऱ्यांकडे विचारपूस करावी. केंद्रातून निघालेली एक तार स्प्लिटर नावाच्या, विजेशिवाय चालणाऱ्या भागातून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्यामुळे सगळ्यांचेच बंद असेल, तर दोष बाहेरच्या मुख्य केबलमध्ये आहे, आणि सिमेंट रस्त्यासाठी जवळपास खोदकाम चालू असेल तर त्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

आता तारेच्या रंगांबद्दल. घरात वापरली जाणारी पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे डब्याला जोडायची छोटी तार, सिंगल मोड फायबरची (प्रकाशाला एकच बारीक वाट असलेल्या काचेची) असते, आणि तिच्या टोकाचा रंग हा शोभेचा नसून सूचना असतो. हिरव्या टोकाची काच ८ अंशांच्या तिरप्या कोनात घासलेली असते, निळ्या टोकाची तशी तिरपी नसते. हिरवे टोक निळ्या जागेत बसते खरे, पण दोन्ही काचा नीट टेकत नाहीत, बराच प्रकाश वाया जातो आणि टोकांना चरेही पडू शकतात. म्हणून हिरव्याला हिरवे आणि निळ्याला निळेच लावावे. टोक उघडे ठेवू नये. उन्हाळ्यातल्या धुळीचा एक कणही त्या ९ मायक्रॉनच्या वाटेवर आडवा येण्यास पुरेसा असतो.

खांबावरच्या जाड केबलच्या आत मात्र रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळसर-हिरवा. केबलमधल्या एका नळीतल्या बारा तारा संपल्या की पुढच्या नळीत हाच क्रम पुन्हा सुरू होतो. तुटलेली केबल जोडणारा माणूस रस्त्याच्या कडेला बसून याच क्रमाने निळ्याला निळी, नारिंगीला नारिंगी अशी एकेक तार जुळवतो, आणि एक रंग चुकला तरी कोणाच्या तरी घरी लाल दिवा पेटतो. ते काम मी जवळून पाहिले आहे. त्याला घाई करू नये.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. तारेतला प्रकाश १४९० आणि १३१० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो, त्यामुळे ‘काही दिसते का’ म्हणून तारेच्या टोकात कधीही डोकावू नये. तंत्रज्ञाच्या पेनातून निघणारा लाल प्रकाश दिसतो, कारण तो तुटलेली जागा शोधण्यासाठी मुद्दाम सोडलेला असतो. त्याच्याकडेही थेट पाहू नये.

तक्रार नोंदवताना ‘नेट बंद आहे’ एवढेच न सांगता, ‘एलओएस लाल आहे, पॉन बंद आहे, शेजारी चालू आहे’ असे सांगावे, म्हणजे येणारा माणूस जोडणीचे यंत्र सोबत घेऊन येईल. आणि तो येईपर्यंत डबा चालूच ठेवावा, कारण त्याने जोड दिला की तो जमला की नाही, हे सर्वांत आधी त्या डब्यावरच दिसणार असते.